साथीला कोण होतं?

कुणी गाणं ऐकून आलं आणि मैफल कशी रंगली ते सांगू लागलं, की आमचे तात्या मध्येच विचारायचे, "साथीला कोण होतं?" सांगणारा हमखास अडखळायचा. राग आठवायचा, भैरवी आठवायची, तबल्यावर कोण होतं तेही कधीमधी आठवायचं. पेटीवरच्या माणसाचं नाव मात्र ओठावर यायचं नाही. तात्या रागवत नसत. "पुढच्या वेळी बघून ठेव," एवढंच म्हणत आणि पुन्हा गोष्ट ऐकू लागत.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सातपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असं आठवड्याला फिरणारं आयुष्य. त्या पाळ्यांच्या मधल्या वेळात त्यांनी चाळीसेक वर्षं पेटीची साथ केली आणि कॉलनीतल्या बाहेरच्या खोलीत मुलांना पेटी शिकवली. त्यांच्याबद्दल कुठे काही छापून आलं नाही. मला जे ठाऊक आहे ते त्यांनी सांगितलेलं, काकूंनी दुरुस्त केलेलं आणि त्यांच्या गुरुजींकडून त्यांच्यापर्यंत आलेलं.

गुरुजी जुन्या नाशकातले. वाड्याच्या माडीवर शिकवायचे, पंचवटीतल्या देवळांत कीर्तनाला पेटी धरायचे आणि गावात नाटक कंपनी आली की ऑर्गनवाल्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. त्यांचं लहानपण पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या नाशकातल्या मुक्कामाच्या काळातलं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे, गाणं घराण्यांच्या बंद दारांतून बाहेर आणणारे पलुस्कर उत्तरायुष्यात नाशकात रामनाम आधार आश्रमात राहत. त्यांचा मुलगा दत्तात्रय, म्हणजे पुढे अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेलेले डी. व्ही. पलुस्कर, २८ मे १९२१ रोजी नाशकातच जन्मला. गुरुजी सांगायचे, की आश्रमातली रामधून संपली तरी ती माणसं गोदेच्या घाटापर्यंत गुणगुणत जायची, आणि आपण पोरं त्यांच्या मागून सूर पकडत जायचो. सूर पकडत मागून जायचं, हा त्यांचा पहिला धडा. तात्या ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत.

गुरुजींच्या गोष्टींत एक तारीख मात्र रागाने यायची. १ मार्च १९४०. त्या दिवसापासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली. त्या वेळी नभोवाणीचे प्रमुख लायनेल फील्डन होते. पेटीत मींड नाही, तिचे बारा स्वर पाश्चात्त्य पद्धतीने समान वाटलेले, त्यामुळे आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ टागोरांनीही कोलकात्याच्या केंद्राला पत्र लिहून पेटीविरुद्ध कौल दिला होता. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलेल असं पेटीवाल्यांना वाटलं होतं. पण पुढे नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर मराठी असूनही पेटीला मुळीच अनुकूल नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साथीपुरती बंदी सैल झाली. एकलवादनाचं दार त्यानंतरही कित्येक वर्षं बंदच राहिलं.

आज ही हकिगत वाचताना ती धोरणाची वाटते. गुरुजींच्या माडीवर ती पोटापाण्याची आणि अब्रूची होती. रेडिओवर ज्यांचं गाणं लागायचं तेच गायक गावात आले की गुरुजींना किंवा त्यांच्यासारख्या कुणाला तरी निरोप यायचा, "पेटी घेऊन या." सबंध महाराष्ट्रात मैफल, कीर्तन, भजन, नाट्यगीत, शाळेची प्रार्थना, काहीही पेटीशिवाय उभं राहत नव्हतं. आणि सरकारी खात्याच्या लेखी ते वाद्य गाण्याला लावण्याच्या लायकीचंही नव्हतं. तात्या चहाच्या हॉटेलात रेडिओवर डी. व्ही. पलुस्करांचं भजन ऐकायचे तेव्हा पेटीच्या जागा मनातल्या मनात स्वतःच भरायचे. त्यांची पहिली साथ तीच, असं ते म्हणत, आणि हे सांगताना त्यांची बोटं टेबलावर हलायची.

पेटी परकी आहे हे खरंच आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने तिला हातभात्याची केली, आणि ती आपल्या बैठकीवर आली. मराठी रंगभूमीवर आधी सारंगी होती. मग पायपेटी आली, ऑर्गन आला, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनचा तो भरदार सूर पडदा उघडण्याआधीच प्रेक्षकांना जागेवर बसवू लागला. १९१३ साली त्या मंडळीच्या संस्थापकांत गोविंदराव टेंबे होते. हे टेंबे म्हणजे 'मानापमान'च्या चालींचे कर्ते, आणि त्याआधी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ करणारे. साथ करणारा माणूस गाण्याच्या आत शिरून नवं गाणं घडवू शकतो, याचा दाखला म्हणून गुरुजी टेंब्यांचं नाव घेत. सारंगीवाल्यांचं काय झालं, हा प्रश्न मी एकदा तात्यांना विचारला होता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचं पोट आम्ही मारलं. रेडिओवर आमच्या बंदीने ते जगले. दोन्ही खरं आहे."

तात्यांच्या तरुणपणी सातपूर हे त्र्यंबकच्या रस्त्यावरचं गाव होतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, शेतांत शेड उभ्या राहिल्या, आयटीआयमधून पोरं बाहेर पडू लागली आणि खानदेश, मराठवाडा, कोकण, नगर जिल्हा अशा चारी दिशांनी माणसं येऊन कॉलनीत राहू लागली. येताना प्रत्येकाने आपापलं भजन आणलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तात्यांचं खरं शिक्षण इथे झालं. कोकणातल्या मंडळींना डबलबारीची सवय, त्यांची लय चढती, बुवा चालीवर चाल बदलणार. वारकरी घरातली माणसं टिपेला गाणार, काळी पाचला हात घालणार, आणि पखवाजाच्या गजरात पेटी ऐकू आली पाहिजे. शास्त्रीय शिकलेल्या कुणा बाईंना काळी चार हवी, बाप्यांना काळी एक. स्केल चेंजरची पेटी तेव्हा कुणाला परवडणार? तात्या कुठल्याही पट्टीला सा धरून तेवढ्याच सहज वाजवत. दुसऱ्या पाळीहून रात्री सुटले की सायकल तशीच मंडपाकडे वळायची.

कामगार कल्याण केंद्राच्या भजन स्पर्धा आणि नाट्यस्पर्धा हा त्या वस्तीचा मोठा आधार होता. नाट्यगीतांची गोडी कारखान्यात कशी पोचली याचं उत्तर त्या तालमींत आहे. 'मत्स्यगंधा' १९६४ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा त्याचे लेखक वसंत कानेटकर नाशकातच राहत होते, कॉलेजात शिकवत होते. जितेंद्र अभिषेकींच्या त्या चाली नेहमीच्या नाट्यसंगीताहून वेगळ्या वळणाच्या. तात्या सांगत, की प्रयोग बघून परत येताना ते दोघं-तिघं मित्र रस्ताभर पदं म्हणत आले आणि पहाटे गुरुजींच्या माडीवर जाऊन बसले, कारण चाल विसरण्याआधी बोटांत उतरवायची होती. गुरुजी झोपेतून उठले, ऐकलं, आणि म्हणाले, "आता जुन्या जागा इथे घालू नका." एवढं एकच वाक्य, पण ते तात्यांनी आयुष्यभर पाळलं. चाल ज्याची, भरणा त्याच्या स्वभावाचा.

साथ म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या शिकवणीत बसून मला कळलं. खोलीत सतरंजी, भिंतीला टेकवलेला तानपुरा आणि दोन पेट्या. नव्या मुलाला ते आधी पेटीला हात लावू देत नसत. "गा," म्हणत. गळ्यात सा बसल्याशिवाय बोटाला पट्टी नाही. मग नुसता भाता. डाव्या हाताची चार बोटं भात्यावर, मनगट सैल, एकच सूर धरून ठेवायचा. भाता उघडताना आणि मिटताना सूर फुगला किंवा दचकला की आतल्या खोलीतून काकू म्हणायच्या, "अहो, त्याला धाप लागली बघा." काकू कधी शिकल्या नव्हत्या, स्वयंपाक करता करता त्यांचा कान असा तयार झाला होता, की कुणाची मध्यमा पास होणार ते त्या परीक्षेआधीच सांगत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेली कॉलनीतली मुलं निकालाआधी काकूंना भेटून जायची.

पुढची पायरी साथीची. तात्या स्वतः गात आणि मूल वाजवी. एक मुलगी होती, बोटं तिची फार वेगवान. तात्यांनी यमनमध्ये नि वरून रे ला घसरत जाणारी एक मींड घेतली. तिने मधले सगळे स्वर टकटक वाजवले. तात्या थांबले. "मी कुठून निघालो?" "नी." "कुठे पोचलो?" "रे." "मग ती दोन घरं सांग. मधला रस्ता माझा आहे." त्यांनी पुन्हा मींड घेतली. तिने नी हलकेच लावला, हात तसाच ठेवला, आवाज वाटेत असताना भाता जरा सैल सोडला आणि रे वर मिळाली. पेटीत मींड नाही हा १९४० चा आक्षेप त्या खोलीत असा रोज निकालात निघत होता. तानेच्या वेळी तर ते बजावून सांगत, की गायकाची सबंध तान पुन्हा वाजवून दाखवणं म्हणजे त्याच्याशी भांडण काढणं. तिचा आराखडा द्यायचा, समेवर बरोबर असायचं, आणि तो श्वास घेईल तेवढ्या फटीत त्याचाच शेवटचा तुकडा परत त्याच्या हातात द्यायचा. पुढचं त्याला त्यातूनच सुचतं.

श्रुतींचा आक्षेप मात्र त्यांनी कधी हसण्यावारी नेला नाही. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ३०० कंपनांचा असतो. बाजारातून आलेल्या समान सप्तकाच्या पेटीत तो ३०२ च्या थोडा वर जातो. दोन्ही एकदम वाजले की सूर सेकंदाला दोन-तीनदा हेलकावतो. तात्या रविवारी पेटी उघडत, पितळी सूर बाहेर काढत आणि त्याची पत्ती अगदी हलक्या हाताने खरडत. टोकाशी खरडली की सूर चढतो, मुळाशी खरडली की उतरतो. खरडायचं, बसवायचं, तानपुऱ्याशी मिळवायचं, पुन्हा काढायचं. लेथवरचा हात तो, केसाएवढा धातू किती हे त्यांना सांगावं लागत नसे. हेलकावा लांबत लांबत थांबला की ते मान वर करत. असा एका षड्जाला मिळवलेला गांधार दुसऱ्या पट्टीत गेलं की चुकतो. म्हणून दोन पेट्या. एक काळी एकसाठी लावलेली, दुसरी काळी चारसाठी. त्या कुणाला उसन्या देत नसत. पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केल्याचं वाचलं, तेव्हा तात्यांचे डोळे भरून आले होते. डॉ. ओक हे गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य, हे त्यांना त्याहून मोठं वाटलं.

गोविंदराव हे त्यांचं दैवत. नाट्यपदांचा अथांग साठा, गायकाच्या मनातलं ओळखणारा हात. अप्पा जळगावकर दुसरे, जालन्याकडचे, पुढे पुण्यात आलेले, २००० सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळालेले. बोरीचे तुळशीदास बोरकर, पी. मधुकरांचे शिष्य, २०१६ साली पद्मश्री झाले तेव्हा तात्या आजारी होते. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पण बोलण्यात सगळ्यांत जास्त वेळा यायचे ते बेळगावचे रामभाऊ विजापुरे. १९१७ ते २०१०, असं दीर्घ आयुष्य. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांना साथ केली, एकलवादन केलं, आणि हे सगळं करताना बेळगावात आपलं संगीत विद्यालय चालवून पिढ्या शिकवल्या. "साथ करून माणूस मोठा होतो, शिकवून पुरा होतो," असं तात्या त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत. मला वाटतं, स्वतःच्या बाहेरच्या खोलीकडे बघायला त्यांना विजापुऱ्यांमुळे धीर आला.

नव्वदच्या आसपास पालक मुलांसाठी कॅसिओ घेऊन येऊ लागले. "पियानोसारखं शिकवा, दोन्ही हातांनी." तात्या नाही म्हणत नसत. त्यांनी जुन्या नाशकातल्या एका पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन डाव्या हाताचे सूरमेळ समजून घेतले. त्या बाई चर्चमध्ये वाजवत, घरी मुलांना परीक्षांसाठी तयार करत. दोघांची छान गट्टी जमली. बाईंना आश्चर्य याचं, की तात्यांपुढे कागदच नसतो.

त्या आश्चर्याचा अर्थ मला फार पुढे लागला. जेराल्ड मूर नावाच्या इंग्रज पियानोवादकाबद्दल मी वाचत होतो. सबंध आयुष्य गायकांच्या साथीला घालवलेला माणूस. १९६२ सालच्या त्याच्या आत्मकथनाचं शीर्षकच मुळी 'माझा आवाज फार होतो का?' असा प्रश्न. २० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याच्या निरोपाच्या मैफलीत एलिझाबेथ श्वार्त्सकॉप्फ, व्हिक्टोरिया द लॉस आंखेलेस आणि डीट्रिख फिशर-डीस्काऊ असे तीन मोठे गायक गायले. सगळ्यांत शेवटी मूर एकटाच बसला आणि त्याने शूबर्टचं एक गाणं गायकाविना वाजवलं. मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "त्याच्या हातातलं कुणी लिहिलेलं होतं?" शूबर्टनेच, मी म्हणालो. गाण्याबरोबर पियानोचा भागही रचनाकार लिहून ठेवतो. तात्या म्हणाले, "मग तो भाग राहील. आमचं तिथेच संपतं."

एका मंडळाने त्यांना वर्षानुवर्षं गणेशोत्सवात साथीला बोलावलं, आणि पत्रिकेत गायकाचं, निवेदकाचं, मंडप घालणाऱ्याचंही नाव छापलं. तात्यांचं कधी नाही. मानधनाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. पत्रिकेबद्दल मात्र अध्यक्षांना घरी बोलावून, चहा पाजून, स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी नाव आलं. त्यांचं नव्हे, त्यांच्या शिष्याचं, कारण त्या वर्षी त्यांनी त्यालाच साथीला बसवलं होतं.

शेवटच्या काही वर्षांत आम्ही एक काम काढलं. नाशकातल्या घरगुती मैफली, कीर्तनं, स्पर्धा कारखान्यातल्या मित्रांनी टू-इन-वनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव आणि राग. बाकी काही नाही. रविवारी तात्यांचे समवयस्क जमायचे, कुणी जुने तबलजी, कुणी भजनी बुवा, आणि मी कॅसेट लावायचो. गायक त्यांना नको असायचा. दोन मिनिटांत कुणीतरी हात वर करायचं. "हा पंचवटीतला, मध्यमावर असा रेंगाळतो." "नाही, त्याचा भाता जड. हा त्याचा भाऊ." वाद व्हायचे, काकू आतून निकाल द्यायच्या. असं करत करत बऱ्याच कॅसेटांवर आम्ही नावं लिहिली. ज्यांच्या नावाची पत्रिका नाही, रेडिओचं कंत्राट नाही, तबकडी नाही, अशी माणसं बोटांवरून ओळखली गेली.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटा आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्या डिजिटल करायच्या आधी एखाद्या म्हाताऱ्या पेटीवाल्याला ऐकवा. नाशकात, जालन्यात, बेळगावात, फोंड्यात असे कान अजून आहेत. यंत्रावर सूर उतरेल, नाव उतरणार नाही. आमच्याकडे काही कॅसेटा अशा उरल्यात ज्यांवर तात्यांनाही हात ओळखता आला नाही. त्यातल्या एकीवर कुणीतरी काळी चारमध्ये भीमपलास गातंय आणि साथ अप्रतिम आहे. ती मी दर महिन्याला कुणा ना कुणाकडे घेऊन जातो. येत्या पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकच्या रस्त्याने दिंड्या जातील, तेव्हा सातपूरला मुक्कामाला थांबणाऱ्या एका वयस्क पेटीवाल्या बुवांना ती ऐकवायची ठरली आहे. तात्यांचा शिष्य पहिली पाळी संपवून तिथे येणार आहे, काळी चारला लावलेली पेटी घेऊन; बुवांनी हात ओळखला तर त्या जागा त्याला लगेच उतरवून घ्यायच्या आहेत.